मागचा दांडा

चैत्र अर्ध्यावर आला की आमच्या गावचा तलाव आधी कडेनं आटतो, मग मधनं, आणि एक दिवस बघावं तर नुसता गाळ राहिलेला असतो. यंदा तर गाळ वाळायलाही वेळ लागला नाही. काल सकाळी फाट्यावर भाजी घ्यायला गेले होते. नगरहून पाथर्डीकडे जाणारी एसटी जिथं थांबते तिथून तलावाचा सगळा तळ दिसतो. सपाट, पांढुरका, भेगाळलेला. माझे पाय आपोआप थांबले. भाजीवाली म्हणाली, "आजी, चक्कर आली का? बसा जरा." चक्कर कसली येतेय. पन्नास वर्षांच्या ओळखीची भीती भेटली होती, एवढंच.

कोरडा तलाव बघून बाकीच्यांना पाण्याची काळजी लागते. मलाही लागते, नाही असं नाही, हंडे मलाही भरायचे असतात. पण पाण्याच्या आधी मला त्या तळावर दोन चाकांच्या रेघा दिसतात. त्या रेघांच्या मधे पदर खोचून, हातात लोखंडी दांडा घेऊन बसलेली पंचविशीतली मी दिसते. भाजी न घेताच घरी आले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. आमचे हे हवाई दलात फिटर होते. विमान उडवणारे नव्हेत, विमानाचा सांगाडा, तारा, दांडे जुळवणारे. दुरुस्तीनंतरच्या चाचणीला पायलट कधीमधी ह्यांना मागच्या सीटवर बसवायचा आणि वर गेल्यावर दांडा हातात द्यायचा. तेवढ्यावर ह्यांचं पोट भरलं नाही, उलट भूक वाढली. नोकरीची वर्षं पुरी करून गावी आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. मला वाटलं, बाईमाणसासाठी काही आणलं असेल. ट्रंकेतून विमानाचे नकाशे निघाले. संसार नवा होता, हसून घेतलं.

पाऊस दोन वर्षं धड पडला नव्हता. बैल छावणीला पाठवले आणि रिकाम्या गोठ्यात ह्यांनी विमान मांडलं. गव्हाणीवर पंख, दावणीला शेपूट. पंखांवर ताणायचं मांजरपाट मी माझ्या मशीनवर शिवलं, आणि त्यावर हे ब्रशनं एक औषध लावायचे, की कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताठ व्हायचं. परवा नात नखं रंगवत बसली होती. तो वास आला आणि मी हातातली कणीक तशीच टाकून अंगणात गेले. नात म्हणाली, "आजीला वासाची ॲलर्जी आहे." म्हटलं, असेल बाई. त्या वासात मी पाच महिने भाकरी थापल्यात.

त्या वर्षी सगळीकडे मरणाचंच काहीतरी दिसायचं. रस्त्याकडेला मेलेली जनावरं, आणि वर गोल फिरणारी गिधाडं. बाया गिधाडं दिसली की तोंड फिरवायच्या. आमचे हे अंगणात उभे राहून त्यांच्याकडे टक लावून बघायचे आणि मला दाखवायचे, "बघ, पंख हलवत नाही. नुसतं टोक वाकवतंय." मी म्हणायची, "कशासाठी फिरतंय तेही बघा." माझी जीभ तेव्हाही अशीच होती. पण रात्रीपर्यंत कशाला, दुपारपर्यंतच तो शब्द मला खायला उठायचा, की आपण अभद्र का बोललो.

आता दांड्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच घडलं. ह्या विमानाला मोटारीसारखं चाक नव्हतं. बसणाऱ्याच्या दोन मांड्यांच्या मधे एक लोखंडी दांडा. पुढं सारला की नाक खाली, मागं ओढला की नाक वर, डावी-उजवीकडे कलवला की विमान त्या अंगावर कलणार. बस्स. हे ऐकल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "आणि तो अडकला तर?"

"अडकू नये म्हणूनच तर जुळवायचा असतो," हे म्हणाले.

जागा दोन होत्या, एकीमागे एक. म्हणून दांडेही दोन. दोन्ही बसायच्या फळीखालून एकाच पाइपाला जोडलेले. पुढचा हलवला की मागचा आपोआप हलायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. मागच्या सीटवर कुणी नाही, आणि दांडा आपला डावीकडे कलतोय, उजवीकडे कलतोय, मागं येतोय, जणू कुणीतरी बसून हलवतंय. मी म्हटलं, "हे काय भुताटकीसारखं." हे हसले. म्हणाले, "भूत नाही, ती तुझी जागा आहे."

मी गोठ्यातून चुलीपाशी निघून आले.

दांडे जुळवायचं काम महिना-सव्वा महिना चाललं. इंजिन भंगारातल्या एका परदेशी गाडीचं होतं, ते एकदा बसलं की बसलं. पण दांड्याचं तसं नाही. दांड्यापासून तारा निघतात, कप्प्यांवरून वळतात, एका जोडीनं पंखांच्या टोकाच्या हलत्या फळ्यांना जातात, दुसरीनं शेपटाच्या फळीला. दांडा मधोमध असताना सगळ्या फळ्या सपाट हव्यात. म्हणून एक माणूस दांडा धरून बसायला लागतो. तो माणूस मी. कधी पुढच्या सीटवर, कधी मागच्या. हे पंखापाशी बसून तार आवळायचे, कोनमापक लावून बघायचे आणि ओरडायचे, "मधोमध धर."

"धरलाय."

"हलतोय तो. श्वास कमी घे."

आता श्वास काय कमी घ्यायचा, सांगा बरं. पत्र्याचं छप्पर, वर तापलेलं ऊन, मनगटाला मुंग्या. मी दांडा धरून बसायची आणि मनात रामरक्षा म्हणायची. भीती अशी होती की मी जरा हलले तर तार चुकीच्या मापाची आवळली जाईल, आणि ती चूक कुठंतरी वर, बाभळींच्या वर गेल्यावर कळेल.

तारेच्या मधे एक पितळी नळी असायची, दोन्हीकडून आट्यांचे खिळे आत गेलेले. नळी फिरवली की तार ताणते. ह्यांनी मला शिकवलं होतं, नळीबाहेर तीनाहून जास्त आटे दिसले तर त्या तारेवर भरवसा ठेवायचा नाही. झालं. मी रोज सकाळी झाडलोट झाली की गोठ्यात जाऊन प्रत्येक नळीचे आटे मोजायची. दुपारी परत. तांदूळ निवडताना खडे दिसावेत तसे मला आटे दिसायला लागले होते. हे म्हणायचे, "तुझ्यासारखा तपासनीस मला नोकरीतसुद्धा मिळाला नाही." मला कौतुक नको होतं. मला कुठंतरी चौथा आटा सापडायला हवा होता, म्हणजे हे राहू देऊ म्हणाले असते. सापडला एकदाच, आणि ह्यांनी तो हसत हसत आत घेतला.

नगरहून इब्राहिमभाई यायचे. त्यांचं लेथ होतं, शुक्रवारी बंद असायचं. नमाज झाली की दुपारच्या एसटीनं यायचे, पिशवीत तासलेले बोल्ट, बुशी, आणि आमच्यासाठी खारी. ह्यांना सार्जंटसाहेब म्हणायचे, मला भाभी. दांड्यांवर त्यांचा फार जीव. दोन्ही त्यांनीच घडवले होते. अंगठा फिरवून म्हणायचे, "भाभी, डंडा असा पाहिजे की बच्चानं हलवला तरी हलला पाहिजे, आणि सोडला तर गप्प उभा राहिला पाहिजे." मी चहा पुढं करायची. ते चहा पिता पिता मागचा दांडा असा हळू हळू फिरवत बसायचे.

एका शुक्रवारी सगळ्या तारा काढून पुन्हा नव्यानं घातल्या. संध्याकाळपर्यंत दांडा लोण्यासारखा फिरायला लागला. इब्राहिमभाई खूश, हे खूश. मी पुढच्या सीटवर बसले होते. ह्यांनी मला एक खूण शिकवली होती. दांडा मुठीत धरून अंगठा वर करायचा. दांडा ज्या बाजूला न्याल त्या बाजूला अंगठा दाखवेल, आणि त्याच बाजूच्या पंखाची फळी वर उचलली पाहिजे. मी दांडा डावीकडे नेला. अंगठा डावीकडे. डावी फळी खाली गेली.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. परत केलं. परत खाली. म्हटलं, "अहो, हे उलटं होतंय का?"

दोघंही आले. ह्यांनी बघितलं. इब्राहिमभाईंनी बघितलं. बसायच्या फळीखाली दोन तारांची अदलाबदल झाली होती. सगळं गुळगुळीत, सगळं घट्ट, एकही आटा बाहेर नाही, आणि माणूस मरायला मोकळा. विमान डावीकडे कलायला लागलं म्हणून हे उजवीकडे दांडा नेणार, आणि ते आणखी डावीकडे कलणार. इब्राहिमभाईंनी "तोबा" म्हणून कानाला हात लावले. हे पितळी नळी सोडवायला वाकले, तर ह्यांच्या हातातला पाना दोनदा निसटला. म्हणाले, "ऊन लागलं." तेव्हा ऊन उतरून तास झाला होता. मी ते बघितलं आणि माझ्या भीतीच्या नादात विसरूनही गेले.

आमच्यात म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझ्यामागे तर तो गोठ्यापासून चुलीपर्यंत यायचा. गावानं पावसासाठी देवळात महादेवाला पाण्यात कोंडलं, लांबून लांबून घागरी आणून गाभारा भरला. मीही एक घागर ओतली. बाकीच्या बाया म्हणत होत्या, देवा, रान पिकू दे. मी म्हणत होते, देवा, तलाव भरू दे, तळावर ह्यांनी केलेली पट्टी बुडू दे. मागणं एकच, पण माझ्या पोटातलं पाप वेगळं होतं. त्या वर्षी सगळा जिल्हा ज्या कोरडेपणाला शिव्या देत होता त्या कोरडेपणानंच ह्यांना धावपट्टी दिली होती. इतकी सपाट, इतकी टणक जागा एरवी कुठून मिळणार.

तलावाच्या बांधावर दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांत कौसाबाई म्हणून एक होती, पाथर्डीकडची, माझ्याहून वयानं बरीच मोठी. पट्टीवरचे दगड वेचायला तिनं आणि तिच्या टोळीनं मदत केली होती. तिनं मला एकदा थांबवलं.

"आगं बाई, ह्ये इमान खरंच उडनार हाय व्हय?"

"त्यांनाच विचारा, मावशी."

"तुला इचारते. जागा दोन दिसत्यात. तू बसनार हायेस का?"

"मी नाही बसायची. मला पाळण्यातसुद्धा भ्या वाटतं."

तिनं हातोडा खाली ठेवला. म्हणाली, "मग कुनाला तरी बशीव बाई तुज्या जागी. रिकामी जागा लई वंगाळ. कायबी येऊन बसतं तिथं."

बोलून ती कामाला लागली, आणि मी ते शब्द घेऊन घरी आले. रिकाम्या सीटवर आपोआप हलणारा दांडा मी बघितलेला होताच.

ह्यांनीही विचारलं होतं. एकदाच, जेवताना, भाकरीकडे बघत. "पहिल्यांदा मी एकटा जाईन. दुसऱ्यांदा येशील?"

"मेले तरी बसणार नाही."

"मेल्यावर कशाला, जिवंतपणीच बस की."

मी ताटात आमटी जरा जास्तच आपटून वाढली. मागच्या सीटला मी शिवलेली गादी होती, तिच्यावर ह्यांनी संध्याकाळी उगाचच फडकं मारलं.

ठरलेल्या दिवशी सूर्य उगवता उगवता विमान पट्टीवर उभं होतं. वारा नव्हता. इब्राहिमभाई आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. परवानगीच्या अर्जाचं उत्तर आलं नव्हतं, म्हणून हे म्हणाले होते, उडणं म्हणायचंच नाही, पुरुषभर उचलायचं आणि खाली ठेवायचं. पुरुषभर काय आणि बाभळीएवढं काय, पडलेल्या माणसाला सारखंच. ह्यांच्या नोकरीतला नियम असा की मागं कुणी बसणार नसेल तर मागचे पट्टे बांधून टाकायचे आणि मागचा दांडा काढून घ्यायचा. एक बोल्ट काढला की तो निघायचा, फळीच्या लांबट खाचेतून पाइपाचं चार बोटांचं थोटूक तेवढं वर राहायचं. ह्यांनी दांडा काढला आणि माझ्या हातात दिला. "धर. तुझा आहे."

मग पुढच्या दांड्यानं चारी कोपरे फिरवून बघितले, फळ्या बघितल्या, सगळं ठीक म्हणाले आणि इब्राहिमभाईंबरोबर इंजिनाकडे गेले.

माझ्याकडे हळद-कुंकवाचं ताट होतं. मी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. आणि मग मागच्या सीटकडे गेले. ताटात पूजेची सुपारी होती, आपण गणपती म्हणून मांडतो ती. मला बसायची छाती नाही तर निदान देव बसू दे, असं मनात होतं. गादीवर ठेवली तर हे बघतील आणि काढून टाकतील. थोटकाजवळ, खाचेच्या पुढच्या अंगाला फळी आणि पाइप यांच्या मधे एक छोटा कोनाडा होता, अगदी देवळीसारखा. चिमूटभर तांदूळ ठेवले, वर सुपारी ठेवली, खणाचा तुकडा दाबून बसवला. हात जोडले. त्या क्षणी, खरं सांगते, पाच महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

इब्राहिमभाईंनी नाकापुढचा पंखा फिरवला, इंजिन लागलं, आणि सगळं विमान थरथरायला लागलं. पंख थरथरत होते, शेपूट थरथरत होतं. मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि मला सूप दिसलं. सुपात धान्य घोळताना काय होतं ते कुठल्याही बाईला ठाऊक आहे. हलकं वर येतं, जड खाली खाली सरकत एका कडेला जातं. शेपूट जमिनीला टेकलेलं, म्हणजे सुपारी मागं घरंगळणार. घरंगळून जाणार कुठं, तर खाचेत. त्या खाचेवर मी महिनाभर पाय ठेवून बसले होते. हे पट्टीवर पळायला लागले की शेपूट उचलायला दांडा पुढं सारणार, थोटूक पुढं जाणार, त्याच्या मागं खाच उघडी पडणार. सुपारी तिच्यात पडली की दांडा मागं यायचा नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात.

मी ओरडले. इंजिनापुढं माझा आवाज तो काय. हातातला दांडा वर करून हलवला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, मूठ धरून अंगठा वर केला आणि निघाले.

विमान आधी पट्टीच्या लांबच्या टोकाला जाणार होतं आणि तिथून वळून इकडे पळत येणार होतं. तेवढाच वेळ माझ्याकडे होता. पदर खोचला आणि पळाले. भेगांत पाय अडकत होते, एक चप्पल गेली, दुसरी मीच टाकली. मागून इब्राहिमभाई हाका मारत होते. पट्टीच्या मधोमध पोचले तोवर विमान वळलं होतं. समोरून बघताना विमान किती बारीक दिसतं. एक गोल, दोन रेघा. आणि मग ते मोठं होत जातं. शेपूट उचललेलं मला दिसलं. म्हणजे दांडा पुढं गेला, म्हणजे खाच उघडली. मी तिथंच मांडी घालून बसले, दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि डोळे मिटले.

इंजिनाचा आवाज एकदम पडला. मग घासल्याचा, तडकल्याचा आवाज, आणि धूळ. डोळे उघडले तर विमान माझ्या डावीकडून वळून बांधाच्या खडीत घुसलं होतं, एक पंख मोडून दुमडला होता. हे उतरून माझ्याकडे चालत येत होते, कपाळातून रक्त येत होतं. मला विचारलं, "लागलं का?" इब्राहिमभाई आले, मोडलेल्या पंखाकडे बघितलं, आणि म्हणाले, "भाभी, ये क्या किया तुमने." आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

कौसाबाईनं तिच्या मडक्यातलं पाणी आणलं, ह्यांचं कपाळ धुतलं. ते चालू असताना मी विमानापाशी गेले. मागच्या सीटमधे हात घातला. सुपारी खाचेत, थोटकाच्या मागं रुतून बसली होती. इतकी घट्ट की नख तुटलं तेव्हा निघाली. तिच्यावर पाइपाच्या कडेची खोल खाच पडली होती. मी ती कनवटीला लावली आणि कुणाला काही बोलले नाही.

ना त्या दिवशी, ना नंतर. गावात एकच गोष्ट झाली: बायको भ्याली, आडवी बसली, म्हणून सार्जंटनं विमान सोडलं. हेही तेच सांगायचे. "हिला सोसत नाही हो," म्हणायचे आणि विषय बदलायचे. विमान सुटं केलं. पाइपांचा दोडक्याचा मांडव झाला. बैल छावणीतून आले आणि गोठा गोठ्यासारखा झाला. मागचा दांडा आमच्या दाराचा अडसर आहे अजून. इब्राहिमभाई वर्षातून दोनदा यायचे, खारी आणायचे, माझ्याशी मात्र शेवटपर्यंत जपून बोलले. पुढच्याच्या पुढच्या पावसात तलाव भरला तेव्हा मी बांधावर उभी राहून रडले. लोकांना वाटलं आनंदानं.

मला वाटायचं ते असं: ह्यांचं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर टांगलेलं होतं ती मी मोडली, आणि त्याआधी ह्यांना मारायचीही व्यवस्था मीच केली होती. लोक भित्री म्हणायचे तेव्हा मी ऐकून घ्यायची. भित्री म्हटलेलं बरं, खरं कळण्यापेक्षा.

काल भाजी न घेता आले तेव्हा हे देवघरापुढं बसले होते. पंच्याऐंशी झालीत, हात थरथरतात, पण पूजा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मी टेकले. म्हटलं, "तलाव आटला."

"पट्टी दिसते का?"

"गाळ आहे नुसता. पट्टी मलाच दिसते."

हे गंध उगाळत राहिले. मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, "अहो, त्या दिवशी मी भिऊन नव्हते बसले आडवी. मला एक सांगायचंय."

"सुपारीचं ना?"

ह्यांनी ताम्हणातली सुपारी उचलून माझ्यापुढं धरली. खाच पडलेली, तीच. मी तेव्हा गुपचूप देवघरात परत ठेवली होती, टाकवेना म्हणून. "रोज गंध लावतो मी हिला," हे म्हणाले. "खाच कुठल्या पाइपाची ते मला कळणार नाही? त्या पाइपाची कड मी कानशीनं घासली होती. आणि विमान सुटं करताना फळीखाली तांदूळ निघाले."

मला इतका राग आला. म्हटलं, "पन्नास वर्षं मी पापीण म्हणून जगले, आणि तुम्ही गंध लावत बसलात? एक शब्द बोलता येत नव्हता?"

"तुझं बोललो असतो तर मला माझंही बोलावं लागलं असतं."

"तुमचं काय?"

ह्यांनी सुपारी खाली ठेवली. "तू बसलेली मला दिसलीस त्याच्या आधीच मी इंजिन बंद केलं होतं. दांडा मागं येईना. दोन्ही हातांनी ओढला. येईना. मग तू दिसलीस, तेव्हा वळवलं." ताम्हण बाजूला सारलं. "पंख महिन्याभरात झाला असता. इब्राहिम मागंच लागला होता. मी गोठ्यात जायचो, सीटवर बसायचो, आणि दांड्याला हात लावायची छाती व्हायची नाही. हात असे व्हायचे, आत्ता होतात तसे. तारांची अदलाबदल झाली तेव्हापासूनच होत होते. गाव म्हणालं बायको भ्याली. मी म्हटलं, हो, बायको भ्याली."

म्हणजे त्या उन्हाळ्यात गोठ्यात दोन भित्री माणसं होती. एक तोंडानं बोलत होतं आणि एक पाना पडला की ऊन लागलं म्हणत होतं. मला हसू आलं, रडूही आलं, आणि इब्राहिमभाई आठवले. त्यांना हे कधी कळलंच नाही. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी ते विमान मीच मोडलं होतं.

ह्यांनी पुन्हा गंधात बोट बुडवलं. बोट सुपारीकडे जाता जाता इकडेतिकडे व्हायला लागलं. मी पुढं सरकून मनगट धरलं, घट्ट नाही, नुसतं हलू नये इतपत. महिनाभर केलेलं काम आहे ते, हात विसरला नव्हता. गंध बरोबर मधोमध लागलं.

"तू मागं बसली असतीस तर," हे म्हणाले, "मी बहुतेक उडवलं असतं. तू मोजलेले आटे होते ते."

मी मनगट सोडलं नाही. म्हटलं, "मी बसले असते तर सुपारी ठेवावी लागली नसती."

हे हो म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली फुलं वाहिली, आणि मी भाजी आणायला परत फाट्यावर गेले.